चीनचा व्यापार : जमा आणि नावे

आपल्या ज्ञातीतील जुन्या व्यापारी घराण्यांच्या कर्तबगारीवर यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही काही लिहावे, अशी संपादक मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आज्ञा शिरसावंद्य मानून आम्ही जुने कागद काढून बसलो. परंतु मध्येच एक चित्रपट पाहण्याचा योग आला आणि लेखणी निराळ्याच वाटेस लागली. घराण्यांचे गुणगान वाचावयास मिळेल या अपेक्षेने हे पान उघडणाऱ्या ज्ञातिबांधवांची आम्ही आरंभीच क्षमा मागतो. तथापि शेवटपर्यंत वाचल्यास हे विषयांतर नव्हे, हे त्यांच्याही ध्यानात येईल अशी आशा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या नातवाने घरच्या दूरचित्रवाणी संचावर ‘तायपान’ नावाचा इंग्रजी चित्रपट लावला. जेम्स क्लॅव्हेल यांची याच नावाची कादंबरी १९६६ साली प्रसिद्ध झाली होती. तिच्यावर डॅरिल ड्यूक या दिग्दर्शकाने १९८६ साली हा चित्रपट काढला, आणि तोही चीनच्या भूमीवर जाऊन. चीनमधील परदेशी पेढीच्या मुख्यास ‘तायपान’ म्हणत. आपल्या भाषेत मोठा शेठ म्हणावे. डर्क स्ट्रुआन नावाचा एक स्कॉटिश व्यापारी हा कथेचा नायक. कँटन शहरातून गोऱ्या व्यापाऱ्यांना बाहेर पडावे लागते, ते हाँगकाँगच्या ओसाड बेटावर वस्ती करतात, नायक कर्जात बुडू लागतो, एक चिनी सावकार त्यास चांदी देऊन तारतो, ब्रॉक नावाचा प्रतिस्पर्धी पदोपदी आडवा येतो आणि शेवटी समुद्रावरचे भयंकर तुफान सर्वांचा हिशेब करते, असे हे कथानक आहे. उंच शिडांची जहाजे, तलवारी, रेशमी वस्त्रे, रुप्याच्या पेट्या यांची त्यात रेलचेल आहे. हा चित्रपट त्या वेळी तिकिटविक्रीत पडला. परंतु आमचा नातू मात्र खिळून बसला होता.

चित्रपट संपल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला. “आजोबा, या लोकांनी एवढी अफू आणली तरी कुठून?”

छत्तीस वर्षे मुलांना इतिहास शिकविलेल्या माणसास हा प्रश्न अवघड वाटावयास नको होता. परंतु आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. कारण त्याचे खरे उत्तर ‘आपल्याकडून’ असे होते.

चहा, चांदी आणि अफू

या व्यापाराचे मूळ चहात आहे. अठराव्या शतकात इंग्रजांस चहाची चटक लागली. तो चहा त्या काळी चीनमध्येच मिळे. १७५७ पासून चीनच्या बादशहाने परदेशी व्यापाऱ्यांस कँटन या एकाच बंदरात व्यापाराची मुभा ठेवली होती. तेथेही त्यांनी ठराविक वखारींतच राहावे आणि सरकारमान्य चिनी व्यापाऱ्यांच्या मंडळाशीच व्यवहार करावा, असा दंडक होता. इंग्रजांच्या लोकरी कापडास तेथे फारसे गिऱ्हाईक नव्हते. चहाचे मोल रोख चांदीने चुकते करावे लागे, आणि इंग्लंडची चांदी जहाजे भरभरून पूर्वेकडे वाहत असे.

ही गळती थांबविण्यास प्रथम हिंदुस्थानचा कापूस उपयोगी पडला आणि मागाहून अफू. चीनमध्ये अफू ओढण्याविरुद्ध १७२९ सालीच फर्मान निघाले होते. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने मोठी चतुराई केली. बंगाल व बिहारमधील अफूचा मक्ता तिने स्वतःकडे ठेवला. परंतु आपल्या जहाजांवरून ती चीनला नेली नाही. कलकत्त्यास जाहीर लिलाव करून ती खाजगी व्यापाऱ्यांस विकली. ते व्यापारी कँटनच्या खाडीबाहेर लिंटिन बेटापाशी नांगरलेल्या तारवांवर माल उतरवीत. तेथून चिनी चोरटे व्यापारी वेगवान वल्ह्यांच्या होड्यांतून तो किनाऱ्यास नेत आणि मोबदल्यात चांदी देत. हीच चांदी कंपनीच्या कँटन येथील खजिन्यात जमा होऊन तिच्या हुंड्या मिळत आणि त्याच चांदीतून कंपनी चहा खरेदी करी. हात स्वच्छ आणि खजिना भरलेला, असा तो व्यवहार होता.

शतकाच्या आरंभी चीनमध्ये वर्षास चार-पाच हजार पेट्या अफू जात असे. १८३३ च्या कायद्याने कंपनीचा चीनच्या व्यापाराचा मक्ता संपला, खाजगी पेढ्यांस रान मोकळे झाले आणि १८३८-३९ पर्यंत हा आकडा चाळीस हजार पेट्यांच्या घरात गेला. आता चांदीची वाट उलटी फिरली. ती चीनमधून बाहेर वाहू लागली.

मुंबईचा वाटा

येथवरचा इतिहास शालेय पुस्तकांतून थोडाबहुत येतो. त्यापुढचा मात्र क्वचितच येतो. चीनला जाणारी सगळी अफू बंगालची नव्हती. तिचा फार मोठा भाग माळव्याचा होता. माळवा म्हणजे उज्जैन, इंदूर, मंदसोर हा मुलूख. शिंदे-होळकरांच्या राज्यातील प्रदेश. तेथे कंपनीचा मक्ता चालत नव्हता. शेतकरी खसखशीच्या बोंडांना चिरा देऊन चीक काढी, गावचा सावकार त्यास आगाऊ पैसे देई, आणि तयार झालेला माल व्यापारी किनाऱ्याकडे रवाना करी. कंपनीने वाटा अडविल्या, तेव्हा हा माल मारवाडातील पालीवरून कराचीस आणि तेथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमण बंदरी जाऊ लागला. शेवटी कंपनीने हात टेकले आणि १८३० च्या सुमारास पेटीमागे जकात घेऊन मुंबईची वाट मोकळी केली. १८४३ साली सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर ती आडवाट बंद झाली आणि माळव्याची अफू मुंबईतूनच जाऊ लागली.

मुंबईचे भाग्य उदयास आले ते कापसाबरोबर या अफूवर. त्या काळच्या व्यापाऱ्यांत सर्वांत मोठे नाव जमशेटजी जीजीभाई यांचे. जन्म १७८३ चा, घरची गरिबी, आईबाप लवकर वारलेले. या तरुणाने धाडस करून चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ साली ‘ब्रन्सविक’ नावाच्या जहाजातून जात असता फ्रेंचांनी ते जहाज पकडले आणि उतारूंना कैदी म्हणून थेट आफ्रिकेच्या टोकास नेले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण स्कॉटिश शस्त्रवैद्य होता. संकटातील सहप्रवासाने दोघांची ओळख झाली आणि ती जन्मभर टिकली. पुढे जार्डिनने वैद्यकी सोडली, व्यापार धरला आणि १८३२ साली मॅथेसन याच्याशी भागी करून कँटनला जी पेढी काढली, ती चीनच्या किनाऱ्यावरील सर्वांत प्रबळ पेढी ठरली. तिला मुंबईहून माल पुरविणाऱ्यांत जमशेटजी अग्रभागी होते.

‘तायपान’ मधील नायकाची पेढी कादंबरीकाराने याच जार्डिनच्या पेढीवरून बेतली, हे सर्वश्रुत आहे. चित्रपटातील नायक हाँगकाँगच्या तुफानात मरतो. खरा जार्डिन तेथे नव्हताच. १८३९ च्या जानेवारीतच तो चीन सोडून गेला होता. लंडनला परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांस भेटून त्याने चीनवर आरमार पाठविण्याचा आग्रह धरला, पुढे पार्लमेंटचा सभासद झाला आणि १८४३ साली लंडनमध्येच वारला. तुफान त्याच्या वाट्यास आले नाही. ते इतरांच्या वाट्यास आले.

आणि हा व्यापार एका जातीचा किंवा एका धर्माचा होता, असे कोणी समजू नये. जमशेटजी पारशी; त्यांच्याशी भागीदारीत व्यवहार करणाऱ्यांत मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान आणि रोजेरिओ द फारिया हे गोव्याचे ख्रिस्ती गृहस्थ होते. माल पिकविणारे माळव्याचे शेतकरी आणि जकात घेणारे इंग्रज. लाभाच्या पंगतीस सर्व जाती एकत्र बसल्या होत्या. इतर पंगतींत त्या काळी असे घडले असते काय, हा प्रश्न आम्ही वाचकांवरच सोपवितो.

लिनचा खंदक आणि मुंबईचे जहाज

१८३९ च्या मार्च महिन्यात लिन झेशू नावाचा एक करारी अधिकारी बादशहाच्या हुकमाने कँटनला आला. त्याने परदेशी व्यापाऱ्यांस त्यांच्या वखारींत कोंडले आणि सर्व अफू स्वाधीन करण्यास फर्माविले. इंग्रजांचा प्रतिनिधी चार्ल्स एलियट याने सरकार भरपाई देईल, असे व्यापाऱ्यांस आश्वासन देऊन २०,२८३ पेट्या लिनच्या हवाली केल्या. त्यांचे वजन बाराशे टनांच्या आसपास भरते. ३ जून १८३९ पासून हूमन येथे खंदक खणून, मीठ, चुना व पाणी यांत कालवून ती अफू नष्ट करण्यात आली आणि समुद्रात सोडण्यात आली. हे विष पाण्यात सोडतो म्हणून लिनने आधी समुद्रदेवतेची लेखी क्षमा मागितली होती. विकणाऱ्यांपैकी कोणी कोणाची क्षमा मागितल्याचे आमच्या वाचनात नाही.

यावरून युद्ध पेटले. पार्लमेंटमध्ये १८४० च्या एप्रिलात ग्लॅडस्टन यांनी या युद्धाचा कडक शब्दांत धिक्कार केला. परंतु सरकारविरुद्धचा ठराव अवघ्या ९ मतांनी फेटाळला गेला. २६ जानेवारी १८४१ रोजी हाँगकाँगवर इंग्रजांचे निशाण चढले. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला. हाँगकाँग इंग्रजांस मिळाले, पाच बंदरे खुली झाली आणि २ कोटी १० लाख डॉलरांची खंडणी चीनच्या माथी बसली. त्यांतील ६० लाख डॉलर बुडविलेल्या अफूची किंमत म्हणून होते. म्हणजे ज्याच्या घरात विष आणून टाकले, त्यानेच ते फेकून दिल्याबद्दल दंड भरावयाचा.

हा तह ज्या जहाजावर झाला, त्याचे नाव ‘कॉर्नवॉलिस’. ७४ तोफांचे हे सागवानी जहाज १८१३ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधले गेले होते. माल आमच्या मुलखातला, जहाज आमच्या गोदीतले, आणि मुंबईचे जमशेटजी जीजीभाई यांस ‘सर’ ही पदवी मिळाली तीही त्याच १८४२ सालात. असा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. योगायोग म्हणावा तर म्हणावा; परंतु सालांची नोंद एकाच पानावर पडते, त्यास इतिहासाच्या शिक्षकाचा इलाज नाही.

दानाची बाजू

आता खतावणीची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ती न पाहणे कृतघ्नपणाचे होईल. जमशेटजींनी मिळविले तसे सढळ हाताने दिलेही. त्यांच्या देणगीने मुंबईत १८४५ साली जे रुग्णालय उघडले, तेच आजचे ‘जे. जे.’ होय. माहीम आणि वांद्रे यांमधील खाडीवर सेतू झाला, तो त्यांच्या पत्नी अवाबाई यांच्या द्रव्यसाहाय्याने. कलाशाळा, पांजरपोळ, विहिरी, दुष्काळातील मदत, किती म्हणून सांगावे? आमच्या मातोश्रींच्या पोटाची अवघड शस्त्रक्रिया याच जे. जे. रुग्णालयात झाली आणि त्यानंतर त्या एकोणीस वर्षे जगल्या. त्या एकोणीस वर्षांचे मोल आम्ही कोणत्या तागडीत घालावे?

पुष्कळांचे म्हणणे असे की काळच तसा होता. त्या काळी अफूत कोणास वावगे वाटत नसे. यात काही तथ्य आहे. आमची आजी सांगे की शेतावर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची तिळाएवढी गोळी चाटवून निजवीत. तथापि घरातली गोळी निराळी आणि बंदी असलेल्या देशात तोफांच्या जोरावर घुसविलेल्या हजारो पेट्या निराळ्या. शिवाय त्याच काळात, त्याच मुंबईत, निराळा विचार करणारी माणसे होती. दादाभाई नौरोजी १८५५ साली कामा आणि कंपनीचे भागीदार होऊन लंडनला गेले. हिंदी लोकांनी तेथे काढलेली ती पहिली पेढी. परंतु मद्य आणि अफू यांच्या व्यवहारातील नफा त्यांच्या मनास पटेना. तीन वर्षांतच ते नैतिक कारणावरून भागीदारीतून बाहेर पडले आणि त्यांनी १८५९ साली कापसाची स्वतःची पेढी काढली. दादाभाईदेखील व्यापारीच होते, तेही पारशीच होते आणि काळही तोच होता. तेव्हा ‘काळच तसा होता’ ही सबब पुरी पडत नाही.

आमच्या घरची गोष्ट

दुसऱ्यांच्या वह्या तपासणे सोपे असते. म्हणून आता स्वतःची उघडतो.

आम्ही मॅट्रिक झालो ते ज्ञातीच्या विद्यार्थी वसतिगृहात राहून. वडिलांचे लहानसे किराणा दुकान होते. घरून महिना पाच रुपये येणेही दुरापास्त होते. दोन वेळचे जेवण, कंदिलाचे तेल आणि वर्षास दोन सदरे वसतिगृहाने दिले नसते, तर आमच्या हाती खडू न येता तागडी आली असती. वसतिगृहाच्या दिवाणखान्यात मूळ देणगीदारांची तसबीर होती. दर गुरुवारी तिला हार घालण्याचे काम आमच्याकडे असे. खालच्या पाटीवर ‘दानशूर’ आणि ‘भुसार मालाचे प्रख्यात व्यापारी’ अशी अक्षरे होती.

एकदा दप्तरखान्यातील जुन्या वह्या उन्हात घालताना आमच्या हाती त्यांच्याच दुकानाची एक वही आली. भुसाराचा व्यापार होता खरा. परंतु नफ्याचा मोठा आकडा तालुक्यातील अफू-गांजाच्या सरकारी ठेक्याच्या सदरी होता. आम्ही ती वही गृहपतींकडे नेली. त्यांनी ती शांतपणे मिटली आणि म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची. जेवायला जा.” आम्ही जेवावयास गेलो. त्या दिवशी आमटी नेहमीसारखीच चवदार होती, हेही लक्षात आहे.

या गोष्टीस आता पन्नासांवर वर्षे झाली. या स्मरणिकेत त्या देणगीदारांचे चरित्र आम्हीच तीनदा लिहिले आणि तीनही वेळा ‘भुसार’ एवढेच लिहिले. चित्रपटातील नायकाची अफू पाहून आम्हांस हसू आले नाही की राग आला नाही, याचे कारण आता वाचकांस उमगले असेल.

दोन वैद्य

जार्डिन हा मूळचा वैद्य होता, हे वर आलेच आहे. या इतिहासात आणखी एक वैद्य आहे आणि तो आपल्या महाराष्ट्राचा आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाने चीन होरपळत असता राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे धाडले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. इतर परतले, कोटणीस तेथेच राहिले. चिनी सैनिकांवर आणि खेडुतांवर शस्त्रक्रिया करीत, बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा वाहत ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी तेथे देह ठेवला. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर हिंदी बोलपट काढला आणि नायकाची भूमिका स्वतः केली. शाळेत असताना गुरुजींनी तो आम्हांस पडद्यावर दाखविला होता.

नानकिंगचा तह १८४२ चा. कोटणीसांचे निधन १९४२ चे. ज्या मुंबईतून शंभर वर्षांपूर्वी पेट्या गेल्या, त्याच मुंबईतून हा तरुण डॉक्टर जहाजावर चढला होता. एका माणसाच्या मरणाने शंभर वर्षांचे ऋण फिटते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु चीनमध्ये आजही त्यांची समाधी आदराने जपली जाते, आणि हाँगकाँगचे बेट १ जुलै १९९७ रोजी चीनला परत गेले. ऋणको विसरला तरी धनको विसरत नाही, एवढे यावरून शिकावे.

नातवास आम्ही हे सर्व सांगितले. वसतिगृहातली वहीदेखील सांगितली. त्याने विचारले, “मग त्या शेठजींचा फोटो काढून टाकायचा का?” आम्ही म्हटले, “नाही. हार घालावयाचा, पण पाटी पुरी लिहावयाची.”

हेच आमचे संपादक मंडळास नम्र निवेदन आहे. जुन्या घराण्यांचा इतिहास जरूर छापावा. परंतु जमेबरोबर नावेही लिहावे. दिवाळीस वहीपूजन करताना आपण पहिल्या पानावर ‘शुभ लाभ’ लिहितो. त्यांत ‘शुभ’ आधी आणि ‘लाभ’ मागाहून आहे. हा क्रम आपल्या पूर्वजांनीच घालून दिला. तो त्यांस सदैव पाळता आला नाही, म्हणून खोडून टाकण्याचे कारण नाही. आमच्या पुरता आरंभ आम्ही करीत आहोत. त्या देणगीदारांच्या चरित्राचा चौथा आणि पुरा मजकूर आम्ही चिटणीसांच्या स्वाधीन केला आहे. त्यात अफूचा ठेकाही आहे आणि आमच्यासारख्या शेकडो मुलांचे जेवणही आहे. तो छापावा की मूठ झाकलीच ठेवावी, हे आता ज्ञातीने ठरवावे.